दोन सायलेन्सर म्हणजे डबल सिलिंडर नाही, त्या मेसेजातलं बाकीचंही तपासून घ्या

परभणी, नांदेड, लातूर, जिकडं बघावं तिकडं गाडीवाल्यांच्या ग्रुपात एकच मेसेज फिरतोय, जुन्या डबल सिलिंडर गाड्यांची "खरी माहिती" म्हणून. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. दोन सायलेन्सर असले की दोन सिलिंडर असतात, म्हणून जावा-येझदी ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरवाली. ट्विनमध्ये एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो म्हणून व्हायब्रेशन नसतं. व्ही (दोन सिलिंडर व्ही आकारात), बॉक्सर (आमनेसामने आडवे), पॅरलल (शेजारी शेजारी उभे) हा फक्त दिसण्यातला फरक. आरडी, म्हणजे यामाहाची आरडी 350, पेट्रोल पिती ती दोन सिलिंडरमुळं. आणि शेवटचं, आपल्या मराठवाड्याच्या उन्हात ट्विन टिकत नाही. हे वाचून पोरं जुन्या गाड्या घ्यायला निघालेत, विकणारे "डबल सिलिंडर" सांगून येझदी रोडकिंगचा भाव चढवतात, म्हणून हे नीट लिहिणं गरजेचं वाटलं.

पहिलं दोन सायलेन्सरचं. मैसूरच्या आयडियल जावानं 1961 पासून जी 250 ची जावा काढली, आणि नंतर 1978 ची येझदी रोडकिंग, या दोन्ही सिंगल सिलिंडर टू स्ट्रोक गाड्या आहेत. कुठल्याही गॅरेजात रोडकिंगचं हेड खोललेलं दिसलं तर वाकून बघा, हेडला प्लग एकच, खाली गोल बोअर एकच, त्यात पिस्टन एकच, आणि सिलिंडरच्या पुढच्या अंगाला एक्झॉस्टची दोन तोंडं, एक डावीकडं वळलेलं एक उजवीकडं. त्या दोन तोंडांना दोन बेंड पाइप आणि मागं दोन सायलेन्सर, बस. याला ट्विन पोर्ट म्हणतात, ट्विन सिलिंडर नाही. बोअर (सिलिंडरची रुंदी) 65 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखालीची चाल) 75 मिमी, हिशोब केला की एकाच सिलिंडरमध्ये जवळपास 249 सीसी भरतात, दुसरं सिलिंडर ठेवणार कुठं? येझदीची खरी ट्विन होती, पण ती 350 ची, वेगळं इंजिन, आणि रस्त्यावर फार कमी दिसली. आता कोणी म्हणेल प्लग मोजले की झालं, तर तेही पूर्ण खरं नाही, वाळूजला ज्यांचा एवढा मोठा कारखाना आहे त्या बजाजच्या डीटीएस-आय पल्सरला दोन प्लग आणि सिलिंडर एकच. बॅरल, म्हणजे सिलिंडरची नळकांडी मोजा, म्हणजे फसणार नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त चुकीचा आहे आणि तोच लोकांना सगळ्यात जास्त पटतो. एक वर एक खाली ही रचना काही ट्विनमध्ये असते, सगळ्यांत नाही. एडवर्ड टर्नरनं ट्रायम्फची स्पीड ट्विन 1937 मध्ये आणली, 498 सीसी, तिच्यात दोन्ही पिस्टन बरोबरच वर जातात आणि बरोबरच खाली येतात. ही 360 डिग्रीची क्रँक, क्रँक म्हणजे पिस्टनचं वरखाली होणं फिरण्यात बदलणारा दांडा. पुढची बरीच वर्षं ब्रिटिश ट्विन म्हणलं की हीच रचना, बीएसए, नॉर्टन, इंग्लंडातली रॉयल एनफिल्ड सगळे त्याच वाटेनं गेले. उखळात दोघीजणी कांडायला बसल्या आणि दोघींनी मुसळ एकदमच टाकलं तर जमीन हादरणारच, तसं हे इंजिन सिंगलसारखंच हलतं, फक्त पिस्टन लहान असल्यानं थोडं बरं. मग टर्नरनं हे केलं कामून? तर फोर स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, दोन्ही पिस्टन बरोबर ठेवले की दर फेरीला एक ठोका (पेटण्याचा धक्का) असा अगदी सारखा पडतो, आवाज गोल येतो आणि एका कार्बोरेटरवर काम भागतं. व्हायब्रेशन जात नाही हे त्या कंपन्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर नॉर्टननं 1967 च्या कमांडोला अख्खं इंजिन रबरावर टांगलं, आयसोलॅस्टिक माउंटिंग म्हणून. व्हायब्रेशनच नसतं तर एवढा खटाटोप केला असता का कोणी?

होंडानं 1965 च्या सीबी 450 ला 180 डिग्रीची क्रँक दिली, म्हणजे मेसेजवाल्याची एक वर एक खाली. तिथं वरखालीचा धक्का एकमेकाला मारतो हे खरं आहे, पण दोन सिलिंडर शेजारी शेजारी आहेत, एकाच रेषेत नाहीत, म्हणून इंजिन डाव्या-उजव्या अंगाला डोलायला बघतं. आणि ठोके वाकडे पडतात, पहिला पडला की 180 डिग्रीवर दुसरा, मग 540 डिग्री काहीच नाही. तीच क्रँक टू स्ट्रोकमध्ये टाकली की गंमत बघा, आरडी 350 पण 180 डिग्रीचीच, पण टू स्ट्रोक दर फेरीला पेटतो म्हणून अर्ध्या अर्ध्या फेरीला एकेक ठोका, एकदम सारखा. तो जो सलग फाटत गेल्यासारखा आवाज येतो तो यातूनच येतो. खात्री करायची असली तर दोन्ही प्लग काढा, दोन्ही भोकात एकेक प्लॅस्टिकची नळी उभी ठेवा आणि किक हातानं हळू हळू दाबा. आरडीत एक नळी वर येती तेव्हा दुसरी खाली जाती. जुन्या ट्रायम्फवर हेच केलं तर दोन्ही बरोबर वर येतील.

म्हणून तिसरा मुद्दा, फक्त दिसण्यातला फरक, हा तर उभाच राहत नाही. बीएमडब्ल्यूच्या आर 32 मध्ये मॅक्स फ्रिट्झनं 1923 लाच दोन सिलिंडर आमनेसामने आडवे झोपवले, दोन्ही पिस्टन बरोबर बाहेर, बरोबर आत, धक्के एकमेकात जिरतात, थोडं डोलणं तेवढं उरतं. हार्लेचा व्ही 45 डिग्रीचा आणि दोन्ही पिस्टनचे रॉड क्रँकच्या एकाच खुंटीवर, म्हणजे क्रँकपिनवर, म्हणून ठोके 315 आणि 405 डिग्रीच्या अंतरानं, तो लंगडल्यासारखा आवाज सायलेन्सरचा नाही, क्रँकपिनचा आहे. इंजिनिअर टालिओनीच्या 1971 च्या डुकाटी 750 जीटीत हाच व्ही 90 डिग्रीचा झाला की काउंटरवेटनं (क्रँकवरच्या तोलाच्या वजनानं) मुख्य धक्का जवळपास पूर्ण मारता येतो, ठोके 270 आणि 450 वर. आता आपल्याकडं बऱ्याच जणांकडं रॉयल एनफिल्डची नवीन इंटरसेप्टर 650 आहे, पॅरलल ट्विन असून आवाज व्ही सारखा कामून येतो? कारण तिची क्रँक 270 डिग्रीची आहे, ठोक्यांचं अंतर त्या डुकाटीइतकंच पडतं. साठच्या दशकातली इंटरसेप्टर 360 डिग्रीची होती, नाव तेच, पॅरलल ट्विन तीच, पण दोन्हींचा आवाज सारखा येणं शक्यच नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. टू स्ट्रोकमध्ये नवीन मिक्श्चर (पेट्रोल आणि हवा) आत येतं तेव्हा एक्झॉस्टचं तोंड उघडंच असतं, थोडं पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर जातं. येझदीला एकच सिलिंडर असून ती काय कमी पिती का? राजदूतच्या नावानं आलेल्या आरडीत एचटी (हाय टॉर्क) 30.5 बीएचपी आणि एलटी (लो टॉर्क) 27 बीएचपी अशा दोन होत्या, एलटी मायलेजसाठी दाबलेली, पण सिलिंडर दोन्हीत दोनच आणि सीसी 347 च. सिलिंडरची संख्या न बदलता मायलेज बदलता आलं, मग दोष सिलिंडरच्या संख्येला कसा देता?

राहिलं ऊन. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा 42-43 वर जातो हे खरं आणि एअर कूल्ड इंजिनला त्याचा त्रास होतो हेही खरं. पण कुठल्या ट्विनला किती, हे सिलिंडर कुठं बसवलेत त्यावर आहे. पुढं-मागं सिलिंडर असलेल्या व्ही ट्विनमध्ये मागच्याला हवा कमी मिळते, तो जास्त तापतो. बॉक्सरची आणि 1967 च्या मोटो गुझ्झी व्ही 7 ची दोन्ही सिलिंडरं बाहेर वाऱ्यात असतात. पॅरलल ट्विनमध्ये दोघांनाही समोरून सारखीच हवा लागते. आरडी उन्हाळ्यात सीज झाली की लोक उन्हाला दोष देऊन मोकळे होतात, पण मिस्त्रीनं बॅरल काढल्यावर बघा, बऱ्याच वेळा एकाच बाजूचा पिस्टन ओरबाडलेला असतो. टू स्ट्रोक ट्विनमध्ये दोन्ही सिलिंडरखालचे क्रँककेस, म्हणजे क्रँकचे कप्पे, वेगळे असतात, एका बाजूचं ऑइल सील कडक होऊन हवा ओढायला लागलं की तेवढ्याच बाजूचं मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि तीच बाजू जाम होते. ऊन दोन्हीला सारखंच लागलेलं असतं, आणि शेजारच्या बोअरवर साधा ओरखडासुद्धा नसतो.