मोझार्टने तो वरचा सूर ऐकलाच नव्हता

गुड फ्रायडे जवळ आला की आमच्या गाण्याच्या ग्रुपवर एक संदेश हमखास येतो. सतराव्या शतकातल्या अलेग्री या इटालियन संगीतकाराचं ‘मिझेरेरे’ (बायबलमधल्या एका स्तोत्राची वृंदगायनाची रचना) म्हणे व्हॅटिकनने दीडशे वर्षं कडीकुलपात ठेवलं होतं, नक्कल करणाऱ्याला धर्मबहिष्कार ठरलेला. मग 14 वर्षांच्या मोझार्टने ते एकदाच ऐकून लिहून काढलं आणि जगाला मोकळं करून दिलं. खाली लिंक : ‘ऐका, मोझार्टने ऐकलेला तो स्वर्गीय सूर!’ लिंक उघडली की केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं 1963 चं ध्वनिमुद्रण लागतं. ते अप्रतिमच आहे. गडबड मजकुरात आहे.

आधी कुलूप. रचना साधारण 1638 ची, मोझार्टचा प्रसंग एप्रिल 1770 चा. म्हणजे दीडशे वर्षं हिशेबातच बसत नाहीत. शिवाय सम्राट पहिल्या लिओपोल्डकडे व्हिएन्नाला एक प्रत गेली होती, आणि तो वारला 1705 मध्ये. त्या प्रतीचा किस्सा इंग्लिश संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने सांगितलाय. दरबारी गायकांनी ती गायली तर अगदीच अळणी लागली. सम्राटाला वाटलं, आपल्याला भलतंच काहीतरी देऊन फसवलं. फसवलं नव्हतं. कागदावर फक्त सांगाडा होता; हरकती, आलंकारिक जागा रोमच्या गायकांच्या गळ्यात होत्या. नोटेशनच्या वहीवरून चीज बसवायला गेलेल्या कुणालाही सम्राटाचं दुःख कळेल.

बहिष्काराची धमकी मात्र संदेशवाल्याच्या डोक्यातून आलेली नाही. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनीच 14 एप्रिलच्या पत्रात बायकोला तसं लिहिलं होतं. पण घरचे त्यावरून घाबरले, तेव्हा मे महिन्यात याच गृहस्थांनी कळवलं की घाबरण्यासारखं काही नाही, पोपलाही ठाऊक आहे आणि पोराचं कौतुकच झालंय. त्याच पोपने जुलैत मोझार्टला ‘गोल्डन स्पर’ हा किताब दिला. बहिष्कृताला कोण किताब देतं?

‘एकदाच ऐकून’ हेही सैल आहे. मोझार्टच्या बहिणीच्या आठवणीनुसार तो लिहिलेला कागद घेऊन दुसऱ्यांदा गेला आणि ताडून पाहिलं. त्यात कमीपणा नाही. पण रचना कशी आहे तेही पाहा : एक ओळ पाच आवाजांचा वृंद गातो, एक चार आवाजांचा, मधल्या ओळी साध्या एकसुरी पठणासारख्या, आणि हेच पुन्हा पुन्हा, फक्त शब्द बदलून. शेवटी दोन्ही वृंद मिळून नऊ आवाज. तयारीच्या कानाला हे अशक्य नाही. ‘जगाला मोकळं करून दिलं’ म्हणावं, तर मोझार्टचा तो कागद आज उपलब्धच नाही. बर्नीने 1771 मध्ये लंडनला रचना छापली, पण तीत रोमच्या त्या जागा नाहीत. मोझार्टने कानांनी ऐकलेलं ते नव्हे.

आता मुख्य गोष्ट, तो सूर. ध्वनिमुद्रणाची पहिली दोन-अडीच मिनिटं ऐका. लांबून, चॅपलच्या दगडी घुमाऱ्यातून चार आवाज येतात, आणि त्यांतला एका मुलाचा आवाज जराही जोर न लावता पार वरच्या ‘सी’ या पाश्चात्य स्वरावर जाऊन टेकतो. अंगावर काटा येतो. मला अजून येतो.

हा सूर अलेग्रीचा नाही. 1831 मध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सनने रोममध्ये हे गायन ऐकलं आणि एक तुकडा टिपला, पण त्या वेळी तिथे पट्टी बरीच वर धरलेली होती. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात एका इंग्रजी संगीतकोशात तो तुकडा मूळ पट्टीतल्या ओळीला तसाच जोडला गेला. भजन रंगात आलंय आणि अर्ध्या ओळीत पेटीवाल्याने मध्यमाचा षड्ज करून पुढचं वाजवावं, तसं झालं. तुकडा जागेवर आणला की तो ‘सी’ उरतच नाही. इंग्लिश ऑर्गनवादक आयव्हर अ‍ॅटकिन्सच्या 1951 च्या इंग्रजी आवृत्तीत हीच जोडणी आली, आणि किंग्ज कॉलेजने गायली ती हीच आवृत्ती. म्हणून त्या लिंकमध्ये लॅटिन शब्दही नाहीत, सगळं इंग्रजीत आहे. व्हॅटिकनच्या ज्या सिस्टिन चॅपलमध्ये ही रचना गायली जायची, तिथे वरचे सूर लहान मुलांचे नव्हते, ते गायचे कास्त्राती, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणी खच्ची केलेले पुरुष. संदेशात हे कुणी लिहीत नाही. ‘स्वर्गीय’च्या शेजारी ते बसत नसावं.

चुकीच्या जोडणीतून आलेला सूर म्हणून तो कमी गोड लागत नाही, हेही कबूल. तेव्हा लिंक राहू दे, खालची ओळ तेवढी बदला : रचना ग्रेगोरिओ अलेग्री, तुकडा मेंडेल्सनच्या टिपणातला, संचालन डेव्हिड विलकॉक्स, आणि तो वरचा सूर बारा वर्षांच्या रॉय गुडमनचा.