सगळं नीट आहे मॅडम

आत्याच्या वाढदिवसाचे फोटो मी काढले होते आणि खरं सांगायचं तर बरे काढले होते, घोळ झाला तो नंतर. घरी येऊन जुन्या लॅपटॉपवर उघडले तर सगळे फोटो दहा वेळा धुतलेल्या चादरीसारखे फिके. म्हणून मी जरा सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं, मग अजून थोडं, मग म्हटलं चेहऱ्यांवर तजेला येऊ दे म्हणून लाल रंगाचा स्लायडर पण ओढला आणि रात्री एक वाजता मोठ्या समाधानाने सगळ्यांना पाठवून झोपले. सकाळी तेच फोटो फोनवर बघितले तर आत्या, काका, त्यांची मुलं, सगळं खानदान लालेलाल. चुलत भावाचा मेसेज होता, "सगळ्यांना एकदमच गोवर आलाय का गं?"

निदान केलं भाच्याने. हा पोरगा कॉलेजात आहे, अभ्यासाचं माहीत नाही पण लॅपटॉपचे आतडे-कोथळे त्याला तोंडपाठ. "मावशी, तुझ्या स्क्रीनचं पॅनल ४५ टक्के एनटीएससी आहे. बरेचसे रंग तुला दिसतच नाहीत, म्हणून तू ते वरून ओतत बसतेस." हे एनटीएससी म्हणजे १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीसाठी मंजूर झालेलं स्टँडर्ड, आणि त्याच्या रंगांच्या मापावर माझ्या लॅपटॉपला ४५ टक्के मार्क. हल्ली फोटोसाठी जे एसआरजीबी नावाचं माप वापरतात त्यात मोजलं तर साधारण साठ-पासष्ट टक्के भरतात. म्हणजे फर्स्ट क्लास आहे की, असं मी म्हटलं तर तो नुसता बघत राहिला.

तर नवीन लॅपटॉप घ्यायचं ठरलं. बजेट मधलं. माझी गरज साधी होती, फोटो एडिट करायचे आणि रात्री तासभर गेम खेळायचा. माझं गेमिंग म्हणजे १९९९ साली आलेला एज ऑफ एम्पायर्स टू, त्यात मी गेली कित्येक वर्षं मेंढ्या गोळा करते आणि शेजारचा राजा येऊन माझं गाव जाळून जातो. एवढ्यासाठी कितीसं लागणार? पण भाचा म्हणाला आता घेतेच आहेस तर नीट घे, मी पण शनिवार-रविवार येतो ना खेळायला. तिथेच मला कळायला हवं होतं की हा लॅपटॉप दोघांचा होणार आहे.

मधल्या बजेटचा एक शाप आहे. स्वस्तातला घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, तो सुखी. महागातला घेणाऱ्याला सगळं मिळतं, तोही सुखी. मधल्याला मिळतं ते अर्धं, आणि कुठलं अर्धं ते त्यानेच ठरवायचं. स्क्रीन बघत राहावी अशी, रंग शंभर टक्के, तर आत गेमची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्डच नाही. ग्राफिक्स कार्ड दणदणीत, तर स्क्रीन पुन्हा तीच ४५ टक्केवाली, वर १४४ हर्ट्झ, म्हणजे फिके रंग सेकंदाला १४४ वेळा बघा. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. बरं दोन्ही एकत्र सापडलेच तर वजन अडीच किलो आणि चार्जर वेगळा, तो चार्जर कुणाच्या डोक्यात घातला तर केस होईल असा.

मी एक्सेल शीट केली. आधी पाच कॉलम होते, पंधरा दिवसांत सतरा झाले. ब्राउझरमध्ये तेवीस टॅब उघडे, आणि त्या तेवीस टॅबनी जुना लॅपटॉप रोज संध्याकाळी हँग व्हायचा, म्हणजे नवीन घेण्याची गरज तो स्वतःच रोज पटवून देत होता.

नावांचं तर बोलायलाच नको. मला वाटायचं आकडा मोठा म्हणजे माल नवा. तर तसं काही नाही. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर असतात, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, त्यांच्या सात हजार सिरीजमध्ये पहिला आकडा वर्ष सांगतो पण आतली रचना कुठली ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू नावाचा प्रोसेसर २०२३ च्या लॅपटॉपांत मिरवतो आणि आतून निघते झेन टू नावाची रचना, जी २०१९ ची आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हे आकडे कसे वाचायचे त्याचा एक गोल चकतीसारखा तक्ताच कंपनीने काढला होता. आता ज्या नावाचा अर्थ कळायला चकती फिरवावी लागते ते ठेवलंच कशाला बाई! इंटेलकडे शेवटचं अक्षर बघायचं, यू असेल तर मवाळ, एच असेल तर तापट. हे मात्र माझ्या लगेच लक्षात राहिलं कारण आमच्याकडे दोन्ही स्वभावाची माणसं आहेत.

ग्राफिक्स कार्डाला वाटलं आता सोपं आहे, आरटीएक्स ४०५० म्हणजे ४०५०. भाच्याने कपाळाला हात लावला. "मावशी, वॅट बघ वॅट!" हे एकच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कशावरही चालवता येतं आणि किती वॅटवर चालवायचं ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. दोन्ही लॅपटॉपवर स्टिकर सेम. एकाला पोटभर वीज, दुसरा अर्धपोटी, आणि हा वॅटचा आकडा जिथे असायला हवा तिथे कधीच नसतो, कुठेतरी तळाला, बारीक टाइपात, तोही दिला तर. मी विचारलं फोटोला कशाला लागतं हे सगळं, तर म्हणाला अंधारात काढलेल्या फोटोतले दाणे काढायचं जे नवीन एआयवालं आहे ना, ते सगळं कार्डावरच चालतं. हे मात्र खरं होतं. जुन्या लॅपटॉपला मी असा एक फोटो लावून भाजी आणायला गेले होते आणि परत आले तरी त्याचं चालूच.

मग एक दिवस म्हटलं पुरे झालं वाचन, दुकानात जाऊन डोळ्यांनी बघू. दुकानात सगळे लॅपटॉप ओळीने मांडलेले, ब्राइटनेस फुल्ल, प्रत्येकावर तेच रंगीबेरंगी मासे पोहतायत. माशांवरून काय कळणार, तो निळा मासा मुळात किती निळा होता मला काय माहीत. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, म्हणून मी सेल्समनला विचारलं, "निट्स किती आहेत?"

"मॅडम, सगळं नीट आहे."

"नाही, स्क्रीनचे निट्स. २५० की ३००?"

"मॅडम एकदम नीट आहे, वर्षाची वॉरंटी आहे."

आता त्याला कसं सांगू की २५० निट्सची स्क्रीन घेऊन खिडकीजवळ बसलं की फोटो कमी आणि आपलंच तोंड जास्त दिसतं. एसआरजीबीचं विचारलं तर म्हणाला आरजीबी आहे ना, आणि कीबोर्डाचे दिवे लावून दाखवले. लाल, हिरवा, निळा, सगळे लागले. नवरा म्हणाला, "बघ, रंग तर आहेत." नवऱ्याचं या सगळ्यात एकच मत होतं, की जुना चालतोय की.

सगळ्यात मोठा दणका मात्र पुढेच होता. सतरा कॉलमांतून गाळून गाळून एक मॉडेल काढलं, रंग शंभर टक्के, कार्ड ठीक, वजन सोसण्यासारखं. ऑर्डर करणार इतक्यात भाचा ओरडला, थांब! त्याच नावाचे दोन लॅपटॉप होते. मॉडेल नंबर एवढा लांब आणि फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांत. एकात चांगलं पॅनल, दुसऱ्यात आपलं जुनं ४५ टक्के, आणि जे माझ्या कार्टमध्ये होतं ते अर्थातच दुसरं. फोटो दोघांचा एकच. जुळ्यांची गोष्ट ऐकायला मजा येते पण पैसे भरायच्या वेळी नाही येत. मी ती दोन अक्षरं तळहातावर पेनाने लिहून ठेवली, खोटं नाही सांगत.

चांगलं पॅनलवालं आऊट ऑफ स्टॉक. आठ दिवस मी ते पेज उठल्या उठल्या बघायचे. नवव्या दिवशी आलं आणि मी कुणालाही न विचारता घेऊन टाकलं.

आल्यावर पहिलं काम भाच्याने केलं, पाठ उघडून रॅम बघितली. १६ जीबी, एकच पट्टी, दुसरा खाच रिकामा. तो म्हणाला छान, पुढे अजून एक टाकू म्हणजे दोन वाटांनी काम होईल. नशीब, काही लॅपटॉपात रॅम बोर्डालाच डकवलेली असते, जे मिळालं त्यावर जन्म काढा. नवऱ्याने पहिलं काम केलं ते डिस्क बघण्याचं. "५१२ म्हणाली होतीस ना? इथे ४७६ दिसतायत. ३६ जीबी गेले कुठे?" बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने, हे त्याला मी दोनदा समजावलं. तरी तो अजून कुणी आलं की सांगतो, आम्हाला लॅपटॉपात ३६ जीबीला फसवलं.

फॅनचा आवाज आहे. गेम लावला की शेजारच्या खोलीतून "मिक्सर बंद कर गं" येतं. बॅटरी एडिटिंग करताना तीन तासांत मान टाकते. पण स्क्रीन, काय सांगू! लाल गुलाब पहिल्यांदा लाल दिसला, इतके दिवस तो मला भगव्याकडे झुकलेला दिसायचा आणि मी गुलाबालाच दोष देत होते. शेजारच्या राजाने मात्र गाव त्याच वेगाने जाळलं, नव्या मशीनवर ज्वाळा फक्त जास्त स्पष्ट दिसल्या.

पहिल्याच रविवारी मी आत्याच्या वाढदिवसाचे सगळे फोटो मूळ रॉ फाइलींमधून पुन्हा केले. चार तास. एकेकाच्या कातडीचा रंग नीट, कपड्यांचे रंग नीट, काही ओतलं नाही, काही ओढलं नाही. पाठवले. संध्याकाळी आत्याचा फोन.

"अगं हे काय पाठवलंस? आजारातून उठल्यासारखी दिसतेय मी यात. आधीचे किती छान होते, कशी गुलाबी गुलाबी दिसत होते! मी त्यातलाच एक मोठा करून फ्रेम करून घेतलाय, येशील तेव्हा बघ."