म्हणे, डोळा लाल नाही तर आत काही नाही!

गुरुवारी कोथरूडहून ताईचा फोन. पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना भाच्याच्या डोळ्याखाली कुणाचं तरी कोपर लागलं. “एकाचे दोन दिसतात म्हणतोय, दोनदा उलटी झाली. पण डोळा अगदी पांढराशुभ्र आहे रे, आणि ग्रुपवर फॉरवर्ड आलंय ना, लाली-सूज नसेल तर आठ दिवस काही करायचं नाही.” मार लागून दीड दिवस झाला होता!

लहान मुलांत हे नेमकं उलटं असतं. डोळ्याच्या खोबणीचा तळ पातळ, आणि मुलांचं हाड लवचीक. मार बसला की ते झडपेसारखं खाली उघडतं आणि परत मिटतं. त्या फटीत डोळ्याचा खालचा स्नायू चिमटतो. बाहेरून डोळा स्वच्छ, आत स्नायूचा रक्तपुरवठा तुटतोय. उलट्या त्या ओढीनेच होतात, काहींची नाडीही मंदावते, आणि घरचे पित्त म्हणून लिंबू-सरबत देतात. 1998 साली डोळ्यांचे डॉक्टर जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी याच ‘पांढऱ्या डोळ्याच्या’ फ्रॅक्चरवर लिहिलं: काही दिवसांतच शस्त्रक्रिया करा. आता तर चिमटलेला स्नायू 24 ते 48 तासांत सोडवायला बघतात. आणि हे फॉरवर्डवाले आठ दिवस थांबा सांगतायत.

ताईला म्हटलं, मान न हलवता त्याला पंख्याकडे बघायला सांग. उजवा डोळा वर गेला, डावा मध्येच थांबला. तशीच रिक्षा केली. सीटी स्कॅनमध्ये फट दिसली. (‘साधा एक्सरे पुरे’ हाही फॉरवर्डमधला मुद्दा. एक्सरेत अशी फट सहज निसटते.)

‘एक डोळा झाकल्यावर एकच दिसलं तर डोळे ठणठणीत’ हे अर्धं खरं. बुबुळ, भिंग बहुधा ठीक असतं. पण दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत, हेच तर त्यातून कळतं! मग कारण स्नायू, नस की नुसती सूज, ते तपासायला नको?

‘नाक जोरात शिंकरा, साकळलेलं रक्त निघेल.’ अजिबात नको. तडा असेल तर सायनसमधली, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळीतली, हवा खोबणीत घुसते. त्यातल्या गुलाबपाण्याच्या सल्ल्याबद्दल तर बोलतच नाही.

मोठ्या माणसांत सूज उतरल्यावर दोन दिसणं पुष्कळदा जातं, हे कबूल. डॉक्टरही थांबतात, पण तपासून, स्कॅन बघून.

शस्त्रक्रिया झाली. खाली बघताना भाच्याला अजून थोडं दोन दिसतं, म्हणून जिना उतरताना कठडा धरतो.