विनाकारण गैरहजर

आमच्या वर्गमैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवस, सोन्याचा भाव आणि पोरांचे ट्यूशन क्लास चालतात. गेल्या आठवड्यात तिथे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या प्राथमिक शाळेचं एक पत्रक येऊन पडलं. कोणीतरी घाईत काढलेला फोटो, कडेला अंगठा आलेला. झेरॉक्सचा एकच कागद, पाठपोट. वर ठळक अक्षरात : ‘या वर्षीची उद्दिष्टे व शाळेच्या बातम्या, पालकांसाठी’.

पाच मिनिटांत ग्रुप तुटून पडला. ‘घ्या, आपली शाळा बी कॉर्पोरेट झाली बाई!’ ‘पट टिकवाची धडपड आहे, बाकी काही नाही.’ आणि जिचा शब्द ग्रुपात शेवटचा असतो, ती म्हणाली, ‘आधी संडासाले कडी लावा म्हणा, मग उद्दिष्टं सांगा.’ त्यावर हसणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली.

मी तेव्हा लेकीच्या शाळेच्या फाटकाशी तीन वाजायची वाट बघत उभी होते. इकडे न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनला, जुलैत सकाळचं धुकं दुपारीही हाडांत राहतं आणि तरी निम्मी पोरं अनवाणी बाहेर येतात. मी तो कागद मोठा करून वाचला आणि मला राग आला. शाळेचा नाही, हसणाऱ्यांचा.

कारण कागदात होतं काय? तिसरीतलं प्रत्येक मूल मार्चपर्यंत मिनिटाला ६० शब्द समजून वाचेल. दर शुक्रवारी वाचनालयातलं एक पुस्तक घरी येईल. पोळ्यानंतर आणि दिवाळीनंतर वर्ग रिकामे पडतात, ते यंदा पडू द्यायचे नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीची सभा बुधवारी दुपारी न होता शनिवारी संध्याकाळी होईल. पाठीमागे बातम्या : खिचडी शिजवणाऱ्या ताईंना बरं नाही म्हणून मुलांच्या आयांपैकी दोघी आळीपाळीनं मदतीला येताहेत, एका पालकानं तीन पंखे फुकटात दुरुस्त करून दिले, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल सजवून आणावा, विकतची सजावट नको.

६० हा आकडा बाईंनी मनानं काढलेला नाही. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात तिसरी संपेपर्यंतचं लक्ष्यच ते आहे. दुसरीला ४५ ते ६०, तिसरीला किमान ६०. परिपत्रकांच्या भाषेत ते ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ असतं, आणि आजवर ते शिक्षकांच्या डोक्यावरून फायलीत आणि फायलीतून कपाटात जात आलंय. इथे कोणीतरी तो आकडा परिपत्रकातून उचलून पालकाच्या हातात दिला. खाली एक ओळ होती : ‘घरी रोज एक मिनिट वाचून घ्या आणि शब्द मोजा. मोजता येत नसेल तर नुसतं जवळ बसून ऐका.’ ही ओळ लिहिणाऱ्या बाईंना मी ओळखत नाही, पण मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि ती शनिवारची सभा! ग्रुपातल्या एकीलाही ती दिसली नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि शाळेचा विकास आराखडा त्या समितीनं करायचा असतो. कागदावर याहून जास्त हक्क काय हवा? पण सभा बुधवारी साडेबाराला. धुणीभांडी करणारी बाई साडेबाराला दुसऱ्याच्या ओट्याशी असते. मग ‘सही करून ठेवा हो ताई’ म्हणून रजिस्टर तिच्या दाराशी जातं. माझी आई असल्याच एका समितीवर होती. ती शाळेत बोलली असेल तर फक्त ‘नमस्कार’ एवढंच. सभेची वेळ बदलणं ही त्या कागदावरची सगळ्यात धाडसी गोष्ट आहे, तिच्यात कॉर्पोरेट काय दिसलं कोणास ठाऊक.

ज्या हसत होत्या त्यांची पोरं कुठल्या शाळांत जातात हे मला माहीत आहे. त्या शाळांचे ॲप आहेत, चकचकीत डायऱ्या आहेत, वार्षिकोत्सवाला धुराची मशीन असते. तिथे हीच ‘उद्दिष्टे’ इंग्रजीत आली असती तर स्टेटसला लागली असती. शुल्क नियमन कायद्यात तिथल्या पालकांची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, आणि फी वाढीवर तिची संमती लागते. माझ्या एका मैत्रिणीचं नाव चिठ्ठीत निघालं होतं. तिनं ते काढून घ्यायला लावलं, ‘उगाच पोरीवर डूख धरतील’ म्हणून.

मी ग्रुपात लांबच लांब लिहिलं. इथल्या शाळेकडून एक गुरुवार सोडून पत्र येतं, त्यात वर्षाची तीन उद्दिष्टं असतात आणि किती गाठलं तेही असतं. १९८९ पासून इथे शाळा पालकांनी निवडलेली मंडळं चालवतात, दर तीन वर्षांनी मतदान होतं, मुख्याध्यापकाची नेमणूकसुद्धा मंडळ करतं. रोज तासभर वाचन, तासभर लेखन, तासभर गणित. सॉसेज सिझलला, म्हणजे शाळेसाठी पैसे जमवायला सॉसेज भाजून विकतात तेव्हा, मुख्याध्यापक स्वतः चिमटा घेऊन उभे असतात, कांदा हवा का विचारतात. मला वाटतं मी ‘इथे’ हा शब्द नऊ वेळा लिहिला असेल.

थोडा वेळ सगळं शांत. मग तिचं उत्तर आलं, त्या शेवटच्या शब्दवालीचं. ‘तू इथं असती तं पोरगी टाकली असती का त्या शाळेत?’

मी टाइप केलं, ‘हो.’ पुसलं. ‘जवळ राहत असते तर.’ पुसलं. लक्ष्मीनगरला आमचा फ्लॅट बघून झाला होता, आणि कोणत्या शाळेचा फॉर्म कधी निघतो तेही मी विचारून ठेवलं होतं. मग इकडचा व्हिसा आला. खरं उत्तर ‘नाही’ असं होतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

आता सांगायलाच बसले आहे तर सांगते. मागच्या वेळी मंडळाच्या मतदानाचा कागद आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली महिनाभर होता. मी मत दिलं नाही. उमेदवारांपैकी कोणाला ओळखत नव्हते, आणि खरं म्हणजे ते मंडळ माझं आहे असं कधी वाटलंच नाही. गुरुवारचं पत्र मी मफ्ती डेची, म्हणजे गणवेश नसलेल्या दिवसाची, तारीख बघण्यापुरतं उघडते. तीन उद्दिष्टं असतात हे ग्रुपात लिहिण्याआधी मी पत्र उघडून मोजून घेतली.

त्यातलं एक उद्दिष्ट हजेरीचं आहे. निम्म्याहून जास्त देश त्याच चिंतेत असल्यासारखा वागतो. २०३० पर्यंत ८० टक्के मुलांनी टर्मचे ९० टक्क्यांहून जास्त दिवस हजर राहावं असं सरकारनं ठरवलंय. मागच्या वर्षी लेकीला घेऊन मी पोळ्याला नागपूरला गेले होते. श्रावणी अमावस्या इथल्या तिसऱ्या टर्ममध्येच येते, तिला कोणी सुट्टी देत नाही. तिनं तान्ह्या पोळ्याला आजीच्या गल्लीत बैल फिरवला, प्रत्येक दारी चॉकलेट आणि दहा-दहा रुपये मिळवले. पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, बघायला माझ्या भावाच्या खांद्यावर बसली. ‘घेऊन जा गे मारबत’ हे ओरडायला तिला इतकं आवडलं की परतीच्या विमानातही तेच चालू होतं. टर्मअखेरीला हजेरीचा कागद आला. पंधरा दिवस, प्रत्येक दिवसापुढे एकच शेरा. टर्मच्या मध्ये सुट्टीवर गेलं की इथे तोच लागतो. माझ्या भाषेत सांगायचं तर : विनाकारण गैरहजर.

नियम आहे, सगळ्यांना लागतो, शाळेशी माझं भांडण नाही. महालातल्या बाईसुद्धा पोळ्यानंतरच्या रिकाम्या बाकांबद्दल हेच म्हणताहेत की. तिथे मी टाळ्या वाजवल्या. इथे तो कागद मी नवऱ्याला न दाखवता बारीक फाडून टाकला.

त्या रात्री पत्रकाचा फोटो लेकीसमोर धरला आणि मोबाइलवर एक मिनिट लावलं. ती आठ वर्षांची आहे, नागपुरात असती तर तिसरीत असती. इंग्रजी झरझर वाचते. मराठी आम्ही रविवारी ‘करतो’, म्हणजे चारातले दोन रविवार. तिनं बोट ठेवून सुरुवात केली. ‘उद्दिष्टे’पाशीच गाडी अडली, त्या जोडाक्षरानं अर्धं मिनिट खाल्लं. मिनिटाला १४ शब्द. दुसरीच्या लक्ष्याच्याही तिसऱ्या हिश्श्यावर. मग तिनं पान उलटल्यासारखं बोटानं सरकवलं आणि ‘बैल’ बरोबर वाचलं. ‘आपला कुठे आहे?’ म्हणाली. तो आईकडे माळ्यावर आहे, एक चाक निघालेला, जुन्या पातळात गुंडाळलेला.

संडासाच्या कडीबद्दल मात्र ती मैत्रीण खरं बोलली होती. आमच्या वेळीही कडी नव्हती. आम्ही दोघी जोडीनंच जायचो, एक आत, दुसरी दार धरून. बहुतेक वेळा ती आत आणि मी बाहेर, कारण तिला अंधाराची भीती वाटायची आणि मी मध्येच पळून जाणार नाही अशी तिला खात्री होती. चार वर्षं मी ते दार धरलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला ग्रुपबाहेर लिहिलं, ‘कडीचे पैसे मी पाठवते. सगळ्या संडासांना लावून घे.’ लिहिताना मला बरं वाटत होतं हे कबूल करते.

तिचं इतवारीत नवऱ्याबरोबर हार्डवेअरचं दुकान आहे. तिचं उत्तर आलं तेव्हा नागपुरात दुपार होती, म्हणजे मी झोपायच्या तयारीत होते.

‘परवाच लावल्या, दुकानातल्याच. चारी दाराईले. तुले आता दार धराले याचं काम नाही.’