राजेहो, अनुदान घ्यायचंच असेल तर

मेळघाटात, धारणीच्याही पुढं, आरोग्याची संस्था काढायचं ठरलंच असेल तर आधी पोरांची वजनं घेत बसू नका. आधी नोंदणी, मग करसवलतीचे 12ए आणि 80जी, सरकारच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, कंपन्यांचा पैसा घ्यायला लागणारी सीएसआर-1 नोंदणी. गावातल्या भुमक्याकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, यातलं काहीच नसतं आणि तरी लोक आधी त्याच्याकडेच जातात, पण त्याला ऑडिट कुठं करायचं असतं!

आता कंपन्यांकडे वळा. 2013 च्या कायद्यानं बड्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकामाला लावायला सांगितलंय. मात्र ते काम ज्या बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यायचं तिच्याकडे तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव पाहिजे. म्हणजे तेवढी वर्षं बिनपैशानं काम करून दाखवा, मग पैसा मागा. शिवाय प्राधान्य कंपनीच्या आसपासच्या भागाला. तेव्हा कुपोषणालाच समजावा, बाप्पा, एमआयडीसीजवळ राहायला जा म्हणून. आपल्याकडे 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे खरा, पण वाघाचा ताळेबंद काही नफ्यात येत नाही.

परदेशी देणगीचा विचार मनात आला तर थंड पाण्यानं तोंड धुवा. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर ती आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच जमा होते. तुमचं दहा माणसांचं मंडळ ते खातं उघडणार नाही हे उघड आहे. पूर्वी मोठी संस्था त्यातला हिस्सा लहान संस्थेला देऊ शकायची; तीही वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, तेव्हा हिशेब लिहिणारा माणूस हवेवर जगणारा शोधा.

राहता राहिला गावच्या आरोग्य समितीचा अबंधित निधी, वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत. नावच अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, त्यामुळे फिनेलपासून सतरंजीपर्यंत सगळ्यांचा डोळा त्याच्यावर.

आजारांनाही शिस्त लावा. पोरं दगावतात ती बहुतेक पावसाळ्यात, नाल्याला पूर असताना. निधी मात्र फेब्रुवारीत उतरतो आणि 31 मार्चच्या आत संपवायचा असतो. मग मार्चमध्ये मच्छरदाण्या वाटा. लाभार्थी तेव्हा वीटभट्टीवर गेलेले असतील, तर शाळेच्या व्हरांड्यात मास्तर, आशाताई आणि सरपंचाच्या पुतण्याला उभं करून फोटो काढा. बॅनरवरचा लोगो स्पष्ट दिसू द्या. आशाताईनं मानधन कधी येणार असं विचारलं तर म्हणा, फोटो झाल्यावर बोलू.