दोन उड्या, एक गैरसमज

‘मुलांना जीव द्यायला शिकवणारा स्वीडिश सिनेमा’ असा एक मजकूर बराच फिरतो. स्वीडिश बाललेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या ‘द ब्रदर्स लायनहार्ट’ (१९७३) या कादंबरीत दोन भाऊ उडी मारून मरतात आणि स्वर्गात मजेत राहतात, तरी ओले हेलबोम यांनी १९७७ मध्ये त्यावर मुलांसाठी सिनेमा काढला, असा त्यातला आरोप. ज्याने तो लिहिला त्याने गोष्ट अर्धवट ऐकली असावी.

पहिली उडी घ्या. घर पेटलंय, आणि पुरता दहा वर्षांचाही नसलेला, अंथरुणाला खिळलेला कार्ल आत अडकलाय. तेरा वर्षांचा थोरला भाऊ योनातान त्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी टाकतो. धाकटा वाचतो, थोरला जातो. बुडत्याला काढताना गेलेल्याला आपण आत्महत्या केली म्हणतो का? पुढे कार्ल जातो तो आजारानेच.

‘स्वर्ग’ तर त्याहून विनोदी. मेल्यावर हे भाऊ ज्या जगात पोचतात त्या नांगियालात तेंगिल नावाचा जुलमी सत्ताधीश आहे, तटबंदीत कोंडलेलं अख्खं खोरं आहे, कात्ला नावाची राक्षसीण ड्रॅगन आहे आणि आपल्याच माणसांत लपलेला फितूरही. तिथेही माणसं मरतात. असला स्वर्ग कोण मागेल?

मृत्यूला साखर लावली, हा आरोप मात्र थांबून बघण्यासारखा आहे. कार्ल स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. तो आता फार दिवस जगणार नाही, हे आई दुसऱ्या बाईला सांगताना त्याच्या कानावर पडतं. रात्री खोकला आला की योनातान उठून त्याला मध घातलेलं गरम पाणी करून देतो. त्याला तो ‘स्कोर्पान’ म्हणतो, म्हणजे आपल्या चहात बुडवायच्या टोस्टसारखं काहीतरी. नांगियालाची गोष्ट जन्मते ती या बाकाजवळ, घाबरलेल्या पोराला धीर द्यायला. मरण या घरात आधीच येऊन बसलंय, गोष्टीने ते आणलेलं नाही. लिंडग्रेन यांना बीज मिळालं तेही स्वीडनमधल्या विमरबी गावच्या दफनभूमीत, १८६० मध्ये गेलेल्या दोन लहान भावांच्या कबरीवरच्या लोखंडी क्रुसाशी.

शेवटची उडी मात्र अवघडच आहे, हे मान्य. कात्लाच्या आगीने योनातानचं अंग लुळं पडत चाललंय आणि कार्ल त्याला पाठीवर घेऊन कड्यावरून झेपावतो. आगीतल्या उडीची ही परतफेड. ती नांगियालात घडते, घराच्या गच्चीवर नाही. पण लहान मुलाला हा फरक आपोआप कळेल असं मी म्हणणार नाही. टीका स्वीडनमध्येही झालीच. सहा वर्षांच्या मुलाला हा सिनेमा एकट्याने लावून देऊ नका. शेजारी बसा, प्रश्न विचारू द्या, थांबवून बोला. कात्ला आजच्या डोळ्यांना थोडी रबरी वाटेल, पण अंधाऱ्या खोलीत ती अजूनही पुरेशी भीतीदायक आहे.