देव बर्फात

मार्चच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीच्या चाहत्याला 'तुमचा संघ आज कुठे खेळतोय?' असं विचारू नये. तो बहुधा कुठेच खेळत नसतो, दोन आठवड्यांपूर्वीच हरून घरी बसलेला असतो. चाहता मात्र तीन पडद्यांवर तीन परके सामने लावून, ज्या कॉलेजचं नाव ऑक्टोबरपर्यंत नीट उच्चारता येत नव्हतं त्यांच्या गोलरक्षकासाठी देव पाण्यात घालून बसलेला असतो. खेळ आइस हॉकीचा, त्यामुळे पाण्याचाही बर्फ झालेला.

आम्ही सगळे त्यातलेच. या जमातीचं दुखणं समजायला आधी हिशेब समजायला हवा, आणि हिशेब समजला की दुखणं वाढतं.

पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत, २०२४-२५ साली ६४ संघ होते. राष्ट्रीय स्पर्धेत २००३ पासून जागा १६. त्यातल्या सहा जागा सहा कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटांच्या, विजेत्यांना आपोआप मिळतात, उरलेल्या दहा क्रमवारीनुसार. नवखा माणूस इथेच पहिला घोटाळा करतो. आपला संघ क्रमवारीत सोळावा आहे, म्हणजे आत, असं समजून तो विमानाची तिकिटं बघायला लागतो. त्याला कोणीतरी बाजूला घेऊन सांगावं लागतं की ॲटलांटिक हॉकी या कॉन्फरन्सचा विजेता सहसा पहिल्या सोळांत नसतो, पण त्याची जागा पक्की असते. म्हणून रेघ पंधरावर. दुसऱ्या एखाद्या कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये तळातला संघ जिंकला की चौदावर. तिसऱ्या ठिकाणी तेच झालं की तेरावर. शनिवारी सकाळी आत असलेला माणूस एकही सामना न खेळता रात्री बाहेर असतो तो असा.

त्यामुळे आमच्या नैतिकतेचं मार्चमध्ये काहीतरी विचित्र होतं. सगळा देश दुबळ्या संघाच्या बाजूने ओरडत असतो. कुठल्यातरी छोट्या कॉलेजची पोरं शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधतात, समालोचकाचा गळा भरून येतो, आणि आम्ही 'मारा त्यांना, मारा!' म्हणत असतो. आधीच जागा पक्की झालेल्या, पैसेवाल्या, खच्चून भरलेल्या स्टेडियमच्या बलाढ्य संघाने गरिबाला चिरडावं अशी मनापासून प्रार्थना करणारी माणसं एवढीच.

आता क्रमवारी. २०२४-२५ पर्यंत तिचं नाव होतं पेअरवाइज. प्रत्येक संघाची उरलेल्या प्रत्येक संघाशी एकास एक तुलना. ६४ संघांच्या जोड्या होतात २०१६. प्रत्येक जोडीत तीन गोष्टी बघायच्या: आरपीआय नावाचा आकडा कोणाचा मोठा, दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोणाची कामगिरी चांगली, आणि आपापसात कोण जिंकलं. पहिल्या दोन्हींना एकेक गुण, आपापसातल्या प्रत्येक विजयाला एकेक. बरोबरी झाली तर पुन्हा आरपीआय. म्हणजे तीन न्यायाधीश बसवले, पण मतं समान पडली की पहिल्याचंच ऐकायचं. शेवटी सगळी वाट आरपीआयकडेच जायची.

आणि हा आरपीआय बनायचा कसा? संघाची स्वतःची विजयाची टक्केवारी २५ टक्के. प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी २१ टक्के. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ५४ टक्के. स्थळ बघताना मुलाचा पगार पाव हिस्सा धरावा, आईवडिलांची परिस्थिती त्याहून थोडी कमी, आणि अर्ध्याहून जास्त भार मुलाच्या आत्याच्या सासरच्या मंडळींवर टाकावा, तसला हा प्रकार. आत्याचे दीर काय करतात यावर लग्न ठरतं. हेतू चांगला होता: दुबळ्यांना हरवून फुगलेला आकडा खाली यावा. पण परिणाम असा की बोस्टनमधल्या माणसाला मध्यरात्री अलास्कातल्या सामन्याचा निकाल बघायला उठावं लागायचं.

सामना कुठे झाला यालाही वजन होतं. घरचा विजय ०.८ विजय धरला जायचा, बाहेरचा १.२. पराभवाचं उलट: घरचा पराभव १.२, बाहेरचा ०.८. दोन संघ घ्या. दोघांनी चार सामने खेळले, दोन जिंकले, दोन हरले. पहिल्याने चारही घरी खेळले: १.६ भागिले ४, म्हणजे ०.४००. दुसऱ्याने चारही बाहेर: २.४ भागिले ४, म्हणजे ०.६००. तोच पराक्रम, तीच बेअब्रू, आणि आकडा दीडपट. अतिरिक्त वेळेत तीन-तीन खेळाडूंनी खेळून जिंकलात तर दोन तृतीयांश विजय, हरलात तर एक तृतीयांश पदरात पडायचा. हे सगळे अपूर्णांक एकमेकांना गुणून कागदावर मांडले की घरातल्या सातवीच्या मुलालाही वाटतं, आपलं बरं चाललंय.

याच्यावर बोनस. आरपीआयमध्ये पहिल्या वीस संघांपैकी कोणाला हरवलं तर जादा गुण मिळायचे. पहिल्या क्रमांकाला हरवल्याचे ०.०५, मग प्रत्येक पायरीला ०.००२५ कमी, असं करत विसाव्याला हरवल्याचे फक्त ०.००२५. हेही सरळ मिळायचे नाहीत, सामन्यांच्या संख्येने भागले जायचे. ३४ सामन्यांच्या मोसमात विसाव्या क्रमांकावरचा विजय आरपीआय साधारण ०.००००७ वाढवायचा. हसू नका. हा आकडा पुढे लागणार आहे.

गंमत अशी की विसावा कोण, हे मार्चमध्ये ठरायचं, तुम्ही त्याला नोव्हेंबरमध्ये हरवलेलं असलं तरी. तो घसरून एकविसावा झाला की तुमचा बोनस गेला. त्यामुळे ज्याला आपण धुतलं त्याने नंतर आयुष्यभर जिंकत राहावं अशी आमची इच्छा असते. वैऱ्याला उदंड आयुष्य मागणारे भक्त इथेच सापडतात. उलट अगदीच दुबळ्या संघाला हरवलं आणि त्या विजयाने तुमचा आकडा खाली येत असेल, तर तो विजय हिशेबातून काढूनच टाकायचे. मुलं बर्फावर घामाघूम झाली, बँडने वाजवून वाजवून ओठ फाडून घेतले, आणि सामना झालाच नव्हता.

काय मोजत नाहीत हेही सांगायला हवं. किती गोलांनी जिंकलात याला शून्य किंमत. आयपीएलच्या नेट रन रेटवर वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. ८-० आणि १-० एकच. दर सोमवारी येणारी पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची क्रमवारी निवडीत धरतच नाहीत. तरी सोमवारी आपला संघ बारावा आला म्हणून पेढे वाटणारे आहेत. त्यांना काही बोलू नये, फेब्रुवारीत कळतं.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती कळायला दोन-चार मोसम जातात. कॉन्फरन्सच्या आत संघ एकमेकांशी खेळतात तेव्हा एक जिंकतो, एक हरतो. सगळ्यांची बेरीज केली की टक्केवारी पन्नासच. मग अख्ख्या कॉन्फरन्सचा आकडा वर-खाली कशाने होतो? बाहेरच्यांशी खेळलेल्या सामन्यांनी. आणि ते बहुतेक ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि नाताळच्या स्पर्धांत उरकलेले असतात. जानेवारीपासून आपापसात. म्हणजे मार्चमधली तुमची जागा ऑक्टोबरमध्ये तुमच्या कॉन्फरन्समधल्या शेवटून दुसऱ्या संघाने कुठल्यातरी अनोळखी संघाविरुद्ध काय दिवे लावले यावर अडकलेली असते. त्या वेळी तो सामना कोणी बघितलेला नसतो. मार्चमध्ये मात्र त्या रात्री चुकलेल्या पेनल्टीवर तासभर चर्चा होते. आयव्ही लीगची कॉलेजं तर मोसमच ऑक्टोबरच्या शेवटी सुरू करतात आणि नियमित २९ सामने खेळतात, त्यामुळे त्यांचा एकेक पराभव इतरांपेक्षा जड.

शेवटचा शनिवार असा काढतात: सहा कॉन्फरन्स, सहा फायनल, दोनाचा सहावा घात, ६४ शक्यता. संगणकावर प्रत्येक सामन्याचा विजेता निवडायचा आणि क्रमवारी कशी हलते ते बघायचं. हुशार लोक एकेक विजेता कायम ठेवून बाकीचे बदलतात आणि कोणता निकाल खरोखर महत्त्वाचा आहे ते शोधतात. ६४ पैकी ४१ शक्यतांत आपण आत आलो की 'चौसष्ट टक्के!' म्हणून नाचणारे हुशार नव्हेत, कारण सगळ्या शक्यता सारख्या नसतात. बलाढ्य संघ जिंकण्याचा संभव जास्त. त्यासाठी क्राक नावाची दुसरी क्रमवारी धरून मोसमाचा शेवट हजारो वेळा खेळवून पाहणारी यंत्रणा लागते. तिने ७१ टक्के सांगितले की जेवण जातं, कारण उरलेले २९ कोणाच्या तरी वाट्याला येतातच.

येतात म्हणजे काय, ते २०१८ ला मिनेसोटाला विचारा. गोफर या नावाने ओळखला जाणारा हा संघ मार्चच्या सुरुवातीलाच पेन स्टेटकडून लागोपाठ दोन सामने हरून घरी बसला. क्रमवारीत तरीही आत होता. मग दोन आठवडे बाकीच्यांचे सामने बघणं. त्याच राज्यातला, दोन-अडीच तासांवरचा मिनेसोटा डुलुथ शेवटच्या आठवड्यात दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला. इतर ठिकाणी मात्र प्रिन्स्टन जिंकलं, मिशिगन टेक जिंकलं, रेघ वर सरकत गेली, आणि शेवटच्या जागेसाठी हे दोघे शेजारी उरले. डुलुथ आत, मिनेसोटा बाहेर. आरपीआयमधला फरक ०.०००१. वर सांगितलेला तो विसाव्या क्रमांकाचा बोनस आठवा: तसे दोन विजय असते तर पारडं फिरलं असतं. निवड जाहीर झाली तो रविवार, १८ मार्च, नेमका गुढीपाडव्याचा. मिनेसोटातल्या ज्या मराठी घरांत गोफरचे टीशर्ट आहेत, तिथे त्या वर्षी कडुलिंबाची वेगळी गरज पडली नसावी.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्या वर्षीचे शेवटचे चार संघ खेळणार होते सेंट पॉलमध्ये, म्हणजे मिनियापोलिसच्या जुळ्या शहरात, गोफरच्या दारात. तिथे डुलुथ पोचला. राष्ट्रीय स्पर्धेतले चारही सामने एकेका गोलाने जिंकला आणि ७ एप्रिलला नोटर डेमला २-१ हरवून राष्ट्रीय विजेता झाला. तेव्हापासून चौथ्या दशांशाला 'नगण्य' म्हणणारा माणूस मिनेसोटात फारसा दिसत नाही.

शेवटच्या दारातून घुसून विजेतेपद नेणारा डुलुथ पहिला नव्हे. २०१३ मध्ये येल आपल्या कॉन्फरन्सच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही सामने एकही गोल न करता हरलं होतं. तरी कसंबसं आत आलं आणि अंतिम सामन्यात अव्वल मानांकित क्विनिपिॲकला ४-० हरवलं. त्याच मार्चमध्ये मिशिगनची राष्ट्रीय स्पर्धेतली सलग २२ वर्षांची हजेरी तुटली. म्हणून 'शेवटून घुसून काय उपयोग, पहिल्याच फेरीत हरणार' हा शहाणपणा आमच्यात चालत नाही.

संघ कोणते, हे आम्हाला शनिवारी मध्यरात्रीच कळलेलं असतं. निवड समिती तिथे मन लावत नाही, आकडे लावते. रविवारी टीव्हीवर कळतं ते फक्त कोण कुठे जाणार. इथे समितीला थोडी मोकळीक असते आणि आमच्या खिशाला तितकीच कात्री. चार शहरांत चार-चार संघ. पहिल्याच फेरीत एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ समोरासमोर आणायचे टाळतात, आणि यजमान कॉलेज पात्र ठरलं तर त्याला ते यजमान असलेल्या शहरातच ठेवावं लागतं. २०२५ मध्ये शहरं होती फार्गो, टोलेडो, मँचेस्टर आणि ॲलनटाउन. फार्गो ते ॲलनटाउन अंतर हजार मैलांहून कितीतरी जास्त. रविवारी कळणार, सामना गुरुवारी किंवा शुक्रवारी. म्हणून अनुभवी मंडळी फेब्रुवारीतच चारही शहरांत फुकट रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवतात. यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: रद्द करण्याची वेळ हॉटेलच्या गावच्या घड्याळाने मोजतात, आणि फार्गोचं घड्याळ ॲलनटाउनच्या एक तास मागे चालतं. विमानाचं तिकीट मात्र आधी काढू नये. त्या यजमानाच्या नियमाचा चटका त्याच वर्षी मेन विद्यापीठाच्या संघाला बसला. गटात पहिलं मानांकन मिळवून ॲलनटाउनला गेले, तर समोर चौथ्या मानांकनाचं पेन स्टेट, तिथलं यजमान. १-५ हरले. पाच महिन्यांची आकडेमोड, साठ मिनिटांत निकाल.

२०२५-२६ पासून पेअरवाइज बंद झालं. त्या जागी एनपीआय नावाचा नवा आकडा आला. जोड्या गेल्या, समान प्रतिस्पर्ध्यांची भानगड गेली. आता प्रत्येक सामन्याला निकालावरून आणि प्रतिस्पर्ध्याच्या एनपीआयवरून आकडा मिळतो. प्रतिस्पर्ध्याचा एनपीआय त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, म्हणजे त्यात तुम्हीही आलात. संगणक हे चक्र आकडे स्थिर होईपर्यंत फिरवत बसतो. सोपं झालं म्हणतात. आम्ही लोकांनी जुन्या तक्त्यांतले रकाने पुसले, नवे आखले आणि एकच प्रश्न विचारला: दशांश चिन्हापुढे किती घरं दाखवणार?